‘सार्वजनिक’ तळे आणि ‘सार्वजनिक’ डोंगर

बी. ए. च्या वर्गावर मी महाडचा सत्याग्रह शिकवत होतो. दरवर्षी शिकवतो. २० मार्च १९२७, चवदार तळे, बाबासाहेबांनी उचललेली ओंजळ. हा पाठ शिकवताना माझा आवाज चढतो आणि त्याची मला लाज वाटत नाही. तास संपता संपता मागच्या बाकावरचा एक विद्यार्थी उभा राहिला. एटापल्ली तालुक्यातला माडिया मुलगा, वर्षभरात मोजून तीन वेळा बोललेला. तो म्हणाला, “सर, तळं सगळ्यांचं आहे असं ठरलं, म्हणून ते तुमचं झालं. आमचा डोंगर सगळ्यांचा आहे असं ठरलं, तेव्हा तो आमचा राहिला नाही. असं कसं?”

घंटा झाली म्हणून मी सुटलो. हा लेख म्हणजे त्या सुटकेची भरपाई आहे. डोंगर आणि पाणी यांच्याशी माणसाचे नाते आपल्या साहित्याने, चित्रकलेने आणि शास्त्राने कसे मांडले, याची तपासणी मी इथे त्या प्रश्नाच्या उजेडात करणार आहे. त्यात आपल्या स्वतःच्या, म्हणजे दलित साहित्याच्या चळवळीचीही तपासणी आहे. ती टाळली तर बाकीची करण्याचा हक्क आपल्याला राहत नाही.

महाडच्या लढ्यात ‘सार्वजनिक’ हा शब्द किती कष्टाने मिळाला ते आधी आठवले पाहिजे. मुंबई कायदेमंडळात १९२३ साली सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. पाणवठे, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या झाल्या. महाडच्या नगरपालिकेने तो कागदावर स्वीकारला. प्रत्यक्ष ओंजळ भरायला १९२७ उजाडावे लागले, आणि ती भरल्यावर सनातन्यांनी शेण-गोमूत्राच्या घागरी ओतून तळे ‘शुद्ध’ केले. पुढे ते कोर्टात गेले. तळे सार्वजनिक नाहीच, ते आमच्या खासगी मालकीचे आहे, असा त्यांचा दावा होता. तो खटला दहा वर्षे चालला. मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांना मनाई करणारी रूढी सिद्ध होत नाही असा निकाल दिला. म्हणजे खासगी म्हणणारे हरले, सार्वजनिक म्हणणारे जिंकले. आपल्या तीन पिढ्यांची जाणीव या शब्दावर उभी आहे. आणि नेमका हाच शब्द त्या मुलाच्या गावात बुलडोझरच्या पुढे चालत आला.

माझ्या आजीला ही बाई-माणसांच्या भाषेतली गोष्ट ठाऊक होती. वैनगंगेकाठच्या गावात तिचे बालपण गेले. नदी हाकेच्या अंतरावर, पण विहिरीवर आपल्या माणसांना बाजूला उभे राहावे लागे. कोणी तरी वरून पाणी वाढायचा, तेव्हा घडा भरायचा. “नदी सबाईची हाये मनत, पन पानी वाढणाऱ्याची वाट पायतच जलम गेला,” असे ती सांगे. १६ ऑक्टोबर १९५६ ला चांद्याला बाबासाहेबांनी दीक्षा दिली, त्या दिवशी ती बैलगाडीने आली होती. परत गेल्यावर वस्तीने पहिले काम केले ते स्वतःची विहीर खणण्याचे. किती हातांवर काळी माती संपली, कुठे मुरूम लागला, कोणत्या दगडाला घाम फुटला, हे तिला सत्तराव्या वर्षीही पाठ होते. मी पदवीधर झालो तेव्हा भूगोलाच्या पुस्तकातला भूस्तरांचा छेद मला नवा वाटला नाही. आजीने तो आधीच सांगितला होता, फक्त तिच्या छेदात खणणारी माणसेही होती.

आणि डोंगर? डोंगर मी पाहिला तो वडिलांच्या कामावर. ते राजुरा-बल्लारपूर भागात कोळसा भरण्याच्या ठेक्यावर होते. उघड्या खाणीत कोळशाच्या वरची माती आधी काढून टाकावी लागते आणि ती ढीग करून रचतात. ते ढीग इतके वाढतात की लांबून टेकड्यांची रांग वाटते. चंद्रपूरच्या कितीतरी मुलांना लहानपणी चित्रात काढण्यासाठी दिसलेला पहिला डोंगर हा असा उलटा केलेला खड्डा असतो. पावसाळ्यात त्याची माती घसरते, नाल्यातून नदीत उतरते, नदीचे पात्र उथळ होते. मी शाळेत ‘माझा आवडता देखावा’ म्हणून हाच ढीग काढला होता, मागून सूर्य उगवताना. गुरुजींनी दहापैकी आठ गुण दिले. तो डोंगर कुठून आला हे त्यांनी विचारले नाही, मीही सांगितले नाही.

मराठी साहित्यात या ढिगाला जागा नव्हती. बालकवींचे झरे आणि हिरवळ आम्ही पाठ केली. ती कविता खोटी आहे असे मी म्हणणार नाही. पण त्या झऱ्यावर कोणाला जाता येत होते, हा प्रश्न त्या कवितेला कधी पडला नाही आणि तिच्या समीक्षकांनाही नाही. निसर्ग म्हणजे माणसांच्या व्यवहारातून सुटका, ही आमच्या प्रस्थापित समीक्षेची आवडती व्याख्या. ज्याला पाण्यापर्यंत पोचण्यासाठीच व्यवहार करावा लागतो, त्याला ही सुटका कोठून मिळणार? पुढे मारुती चितमपल्ली आले. वनाधिकारी म्हणून त्यांनी विदर्भातली जंगले पायाखाली घातली. झाडापाखरांची शेकडो नावे मराठीत आणली, आणि त्यातली कितीतरी आदिवासींकडून मिळाली हे मोकळेपणाने सांगितले. २०२५ साली ते गेले. त्यांचे ऋण मोठे आहे. तरीही ‘चकवाचांदण’ला त्यांनी ‘वनोपनिषद’ म्हटले, तिथे मी अडखळतो. जंगल समजून घेण्यासाठी आपल्या भाषेला उपनिषदाकडेच का जावे लागते? जंगलात नाव सांगणारा माणूस उभा आहे. त्याच्या घराला पट्टा आहे का, मोहफुले वेचताना त्याला कोणी अडवतो का, हे त्या भाषेत मावत नाही.

आता आपल्याकडे वळतो. दलित साहित्याने पाणी लिहिले, आणि असे लिहिले की मराठी वाचकाच्या घशाला कोरड पडली. विहीर, पाणवठा, रांजण, ओंजळ ही आपल्या आत्मकथनांची ठिकाणे आहेत. दया पवारांची धरण बांधणाऱ्या बाईची कविता घ्या. तिच्या घामावर धरण उभे राहते आणि पाणी भलत्याच्या मांडवाला जाते. पाणी, श्रम आणि मालकी एका जागी आणणारी ती कविता साऱ्या मराठी निसर्गकवितेला उत्तर आहे. पण डोंगर? डोंगर आपण लिहिला नाही. डोंगर म्हणजे किल्ला, किंवा देवस्थान, किंवा गिर्यारोहकांची हौस. तो आपला नव्हे, असे आपण धरून चाललो. विनायक तुमराम यांचे ‘गोंडवन पेटले आहे’ आणि वाहरू सोनवणे यांचे ‘गोधड’ १९८७ च्या आसपास आले, पाठोपाठ भुजंग मेश्राम यांचा ‘उलगुलान’ आला. आपण त्यांचे स्वागत ‘आपल्याच विद्रोहाचा दुसरा आवाज’ असे केले. हे स्वागत मायेचे होते, पण त्यात एक आळसही होता. त्या कवितांतला संताप आपल्या ओळखीचा होता म्हणून आपण तेवढाच वाचला. माती-जंगलाशी असलेले त्यांचे नाते आपल्यासारखे नव्हते. आपल्याला गावाने पाण्यापासून दूर ठेवले होते. त्यांना त्यांच्या जंगलातून बाहेर काढले जात होते. एकाला आत यायचे होते, दुसऱ्याला आतच राहायचे होते. हा फरक आपल्या समीक्षेने नोंदला असता, तर माझ्या विद्यार्थ्याला प्रश्न विचारण्यासाठी इतकी वर्षे थांबावे लागले नसते.

चित्रकलेत मात्र आमच्याच जिल्ह्यातून एक उत्तर आले आहे आणि त्यावर मराठीत फार थोडे लिहिले गेले, म्हणून जरा थांबतो. प्रभाकर पाचपुते हा चित्रकार १९८६ साली राजुरा तालुक्यातल्या सास्ती गावी जन्मला. घरात तीन पिढ्या कोळसा खाणीतले काम. खैरागड आणि बडोदा इथे तो शिल्पकला शिकला, पण नावारूपाला आला तो कोळशाने काढलेल्या चित्रांमुळे. २०१२ मध्ये मुंबईच्या क्लार्क हाउसमध्ये त्याचे प्रदर्शन झाले. त्याचे नाव ‘कॅनरी इन अ कोल माइन’. पूर्वी विलायतेतल्या खाणीत विषारी वायूची चाहूल लागावी म्हणून कॅनरी पक्षी पिंजऱ्यात घालून नेत. पक्षी पडला की माणसांनी पळायचे. मी ही चित्रे पुस्तकांतून आणि छायाचित्रांतूनच पाहिली आहेत, हे आधी सांगून टाकतो. मुंबईच्या कलादालनात जाण्याची आमची रीत नाही.

त्याची माणसे पाहून मी प्रथम दचकलो. धड माणसाचे, आणि डोक्याच्या जागी दिवा, अवजार किंवा एखादे यंत्र. कुठे जनावर आणि यंत्र एकमेकांत मिसळलेले. मला वडिलांच्या कामावरची हजेरी आठवली. मुकादमाच्या वहीत माणसे नव्हतीच. इतकी फावडी, इतक्या टोपल्या, एवढीच नोंद. चित्रकाराने काही अद्भुत कल्पिले असे शहरी समीक्षकाला वाटेल. माझ्या दृष्टीने त्याने हजेरीपटच काढला आहे. दुसरे म्हणजे त्याचे साधन. कोळशाच्या खाणीचे चित्र तो कोळशानेच काढतो. चित्रातला कोळसा जळक्या लाकडाचा, खाणीतला गाडल्या गेलेल्या वनस्पतींचा. दोन्ही मूळचे झाडच. हाताला लागलेली काजळी वडील राखेने घासून काढत, तरी नखांत उरायची. ज्याने हात काळे झाले त्यानेच भिंत काळी करायची, हा निर्णय केवळ तंत्राचा नाही. आणि थेट भिंतीवर काढलेले चित्र भिंतीबरोबरच जाते, ते घरी नेऊन टांगता येत नाही. ज्या जमिनीची कथा सांगायची ती जमीनही अशीच पुसली गेली आहे.

त्याच्या चित्रांत जमीन म्हणजे देखावा नव्हे. तिला शरीर आहे, ती वाकते, ओझे वाहते, खाल्ली जाते. पण तो तिला देवी करत नाही आणि आईही म्हणत नाही, हे मला महत्त्वाचे वाटते. आपल्याकडे जिला आई म्हटले तिचे काय होते ते आपण पाहिले आहे. चंद्रपूरच्या झरपट नदीच्या पाण्याने गोंड राजा खांडक्या बल्लाळशहाच्या अंगावरचे फोड बरे झाले, अशी दंतकथा आहे. आज तीच झरपट शहराचे सांडपाणी वाहते, आणि काठावर महाकालीची यात्रा भरतेच. मार्कंड्याला वैनगंगा उत्तरेकडे वळते म्हणून तिथले पाणी अधिक पवित्र, हाही आपल्याकडचाच हिशेब. पावित्र्याने नदी स्वच्छ राहिली नाही, माणसे मात्र दूर राहिली.

२०२१ मध्ये वेल्समधल्या कार्डिफ शहराचा ‘आर्टेस मुंडी’ हा पुरस्कार अंतिम यादीतल्या सहाही कलावंतांना वाटून मिळाला, त्यात पाचपुते होता. कार्डिफ म्हणजे एके काळी जगभर कोळसा पाठवणारे बंदर. तिथल्या माणसांना सास्ती समजली, यात नवल नाही. माझी तक्रार वेगळी आहे. ही कला कोलकाता, इस्तंबूल, कार्डिफ करते. झाडीपट्टीत मात्र कला म्हणजे हिवाळ्यातले नाटक. वडसा-देसाईगंजच्या कंपन्या रात्रभर प्रयोग करतात, शेतकरी-मजूर तिकीट काढून बसतात. त्या रंगभूमीच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. या दोन कला एकमेकींना भेटलेल्या नाहीत. खाणीच्या माणसाचे चित्र खाणीच्या माणसाने पाहिले तर तो काय म्हणेल, हे जोवर आपल्याला ऐकू येत नाही तोवर आमची समीक्षा अर्धवट आहे. मी वडिलांना एक छायाचित्र दाखवले. त्यांनी बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, “याचा दिवा डोक्यावर नाही, डोक्याच्या जागी आहे.” याहून नेमकी टीका मी वाचलेली नाही.

शास्त्राविषयी थोडक्यात. आमच्या भागाशी शास्त्राचे नाते मजेशीर आहे. दक्षिण गोलार्धातले खंड पूर्वी एकत्र होते, त्या भूखंडाला एडुआर्ड स्यूस या ऑस्ट्रियन भूशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये ‘गोंडवनलँड’ म्हटले. नाव आले ते मध्य भारतातल्या गोंडवनातल्या खडकांवरून. अंटार्क्टिकाच्या दगडालाही गोंडांचे नाव, आणि गोंडाच्या शेताला सातबारा मिळता मिळत नाही. दुसरी गोष्ट वरोरा तालुक्यातल्या पिसदुऱ्याची. तिथे डायनोसॉरची अश्म झालेली विष्ठा सापडते. २००५ मध्ये भारतीय आणि परदेशी शास्त्रज्ञांनी तिच्यात गवताचे सूक्ष्म अंश दाखवले. गवत पृथ्वीवर डायनोसॉर असतानाच होते हे त्यातून कळले. पुढे २०११ मध्ये भाताच्या कुळातल्या गवताच्या खुणाही तिच्यातच ओळखल्या गेल्या. आमचा प्रदेश धानाचा! शेणाने तळे शुद्ध करणारी परंपरा एकीकडे आणि विष्ठा उघडून साडेसहा कोटी वर्षे वाचणारे शास्त्र दुसरीकडे. यात मी कोणाच्या बाजूचा हे सांगायला नको. ज्यांच्या हाती पिढ्यान्‌पिढ्या घाण सोपवली गेली त्यांना असे शास्त्र आपले वाटले पाहिजे.

पण हेच शास्त्र सूरजागडला येते तेव्हा त्याच्या हाती फक्त टनांचा हिशेब असतो. एटापल्ली तालुक्यातला हा डोंगर लोहखनिजाचा. माडियांचा ठाकूरदेव तिथे आहे. दर जानेवारीत यात्रा भरते. २००७ मध्ये सुमारे ३४८ हेक्टरांचा खाणपट्टा दिला गेला. २०१६ मध्ये काम सुरू झाले, त्याच डिसेंबरात नक्षलवाद्यांनी तिथली वाहने जाळली, काम थांबले, २०२१ पासून पुन्हा जोरात चालू झाले. उत्खनन वर्षाला ३० लाख टनांवरून १ कोटी टनांवर नेण्यासाठी ऑक्टोबर २०२२ मध्ये जनसुनावणी झाली. ती डोंगराजवळच्या गावांत झाली नाही, शंभराहून अधिक किलोमीटर दूर गडचिरोलीला झाली. ‘जन’ हा शब्दही असा जागा बदलतो. गोव्यात लोहखनिजाच्या थरांत भूजल साठते, खाण खोल गेली की पाणी उपसून फेकावे लागते आणि खालच्या गावांच्या विहिरी उतरतात, हे भूजलाच्या अभ्यासाने दाखवले आहे. माझ्या आजीने विहीर खणताना दगड आणि पाणी वेगळे धरले नव्हते. खाणपट्ट्याच्या कागदावर ते वेगळे असतात.

इथे बौद्ध म्हणून माझी खरी अडचण सुरू होते. ओडिशातल्या नियमगिरीच्या प्रकरणात १८ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की खाणीमुळे डोंगरिया कोंधांच्या उपासनेच्या हक्काला बाधा येते का, हे ग्रामसभांनी ठरवावे. बाराच्या बारा ग्रामसभांनी खाण नाकारली. मी तेव्हा आनंदलो. नंतर मनात आले, डोंगर वाचवायला देव सिद्ध करावा लागला. माझ्या आजीने १९५६ साली देव सोडले, बावीस प्रतिज्ञा घेतल्या. उद्या आमची वस्ती उठवायची ठरली, तर आम्ही कोणता देव दाखवायचा? ठाकूरदेवावर माझा विश्वास नाही. तरीही मी त्या यात्रेच्या बाजूने उभा आहे. तिथे जमणारी गावे डोंगराविषयी एकत्र बसून ठरवतात आणि एकमेकांना विचारल्याशिवाय त्याला हात लावत नाहीत, हे त्यामागचे कारण. त्यांच्या उपासनेत मला सभा दिसते. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने १९८४ च्या इचमपल्ली-भोपालपट्टणम धरणांविरुद्धच्या आंदोलनानंतर हीच गोष्ट देवाचे नाव न घेता केली. सर्वांच्या सहमतीशिवाय निर्णय नाही असे ठरवले आणि २००९ मध्ये जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला.

कोणी म्हणेल, बाबासाहेब तर धरणांच्या बाजूचे होते. होते. १९४२ ते १९४६ मजूरमंत्री असताना दामोदर खोऱ्याची योजना त्यांच्या खात्याने पुढे नेली, केंद्रीय जलमार्ग आयोग १९४५ मध्ये त्यांच्याच काळात झाला. नोव्हेंबर १९४५ मध्ये कटकच्या परिषदेत त्यांनी मांडले की पुराला भिऊन बांध घालत बसण्यापेक्षा पाणी साठवून लोकांच्या कामी आणा. नदीला ना देवी मानणारी, ना शत्रू मानणारी ती भूमिका मला आजही पटते. पण त्या भूमिकेत ‘लोक’ हा शब्द मोकळा नव्हता. सिरोंचाजवळ गोदावरीवर तेलंगणाने २०१९ मध्ये मेडीगड्डाचा बंधारा सुरू केला. सिरोंच्याची शेते बुडाली, पाणी पलीकडे गेले, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये बंधाऱ्याचे खांब खचले. हे बाबासाहेबांच्या नावावर टाकणे म्हणजे त्यांचा अर्धाच भाग वाचणे होय.

पुढच्या आठवड्यात मी त्या मुलाला बोलावून सांगितले : महाडला ‘सार्वजनिक’चा अर्थ होता, कोणी कोणाला अडवायचे नाही, आणि आपण पाणी प्यायल्यावर तळे दुसऱ्यासाठी तिथेच राहिले. तुझ्या डोंगराच्या बाबतीत ‘सार्वजनिक’चा अर्थ झाला, कोणीही उचलून न्यावे; आणि नेल्यावर दुसऱ्यासाठी काही राहत नाही. शब्द एक आहे, व्यवहार उलटे आहेत. त्याने मान हलवली. मग म्हणाला, “सर, माझा भाऊ खाणीवर डंपर चालवतो. माझी फी त्यातूनच भरली.”

माझीही फी कोळशातूनच भरली गेली होती, हे मी त्याला सांगितले. मग बराच वेळ आम्ही दोघे गप्प होतो.

अंतर्गत मूल्यमापनासाठी त्याला निबंध लिहायचा होता. मी म्हटले, निबंध नको. तुमच्या डोंगरातून किती ओढे निघतात त्यांची नावे लिहून आण, नाव कसे पडले तेही लिही, आणि आता कोणता वाहतो, कोणाचे पाणी लाल झाले हेही. त्याने वही आणली तेव्हा तीन पाने भरली होती, माडिया नावे देवनागरीत, पेन्सिलने. त्यातले एकही नाव मला नकाशावर सापडले नाही. दोन ओढ्यांची नावे आजीला विचारायची राहिली आहेत म्हणून तो वही परत घेऊन गेला आहे.